एका वेलीतून किती कुंड्या? मनी प्लांटच्या कलमांचा धंदा, मावळच्या हिशोबाने



मागच्या व्हिडिओत आपण मनी प्लांटची वेल कापली, पेर कुठे असतं ते बघितलं आणि तुकडे लावून ठेवले. व्हिडिओ आठ मिनिटांचा. त्यात हात दाखवता येतात, हिशोब दाखवता येत नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये आकडेमोड आहे.

हा विषय आत्ताच घ्यायचं कारण एक प्रश्न आहे. पवनानगरकडच्या एका ताईंनी विचारलंय, "शिवणकामातून चाळीस हजार साठवलेत. घरामागे तीन गुंठे मोकळी जागा आहे. शेडनेट टाकून इनडोअर झाडांची नर्सरी सुरू करू का? मनी प्लांट तर फुकटात वाढतो."

उत्तर आधीच सांगून टाकते. झाडं लावा, शेडनेट आत्ता नको. का नको ते पुढे येईलच. पण त्याआधी "फुकटात वाढतो" हे जे वाक्य आहे ना, ते जरा उलटंपालटं करून बघू. घरबसल्या धंद्यातले पैसे बहुतेक वेळा अशाच वाक्यात बुडतात.

मनी प्लांटचं शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरेआ नावाच्या बेटावरचा. गंमत अशी की या झाडाला फूल जवळजवळ येतच नाही. फूल यायला जिबरेलिन नावाचं संप्रेरक लागतं, आणि ते बनवण्याच्या कामातच या झाडात बिघाड आहे, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आलं. फूल नाही म्हणजे बी नाही. म्हणजे तुमच्या खिडकीतला, माझ्या दुकानातला, लोणावळ्याच्या बंगल्यातला, प्रत्येक मनी प्लांट कुणीतरी कुणाच्या तरी वेलीचा तुकडा तोडूनच झालेला आहे. आपल्याकडे म्हणतात ना, मनी प्लांट चोरून आणला तरच पैसा टिकतो? तो समज कुठून आला माहीत नाही, पण आपल्या धंद्याचा सगळ्यात मोठा स्पर्धक तोच आहे.

धंद्याच्या भाषेत याचा अर्थ काय? जी वस्तू शेजारची काकूसुद्धा कात्रीने पाच मिनिटांत बनवू शकते, ती वस्तू विकून पैसे मिळत नाहीत. गिऱ्हाईक तुकड्याचे पैसे देत नाही. ते भरगच्च, स्वच्छ, आजच टेबलावर ठेवता येईल अशा कुंडीचे पैसे देतं. तुकडा आणि कुंडी यांच्यामध्ये साधारण अडीच महिने आणि बरीच मरतूक असते. आपला धंदा त्या अडीच महिन्यांत आहे.

कात्री कुठे लावायची

व्हिडिओत दाखवलंय, तरी लिहून ठेवते. वेलीवर जिथे पानाचा देठ खोडाला मिळतो ती गाठ म्हणजे पेर. त्याच गाठीवर तपकिरी रंगाचा छोटा उंचवटा दिसतो, ते हवाई मूळ. नवीन मुळं तिथूनच येतात आणि नवीन फूटही तिथल्याच डोळ्यातून येते. पेर नसलेलं नुसतं पान पाण्यात ठेवलंत तर ते महिनोन्महिने हिरवं राहील, तुम्ही खूश राहाल, आणि वेल कधीच होणार नाही. शिकायला येणाऱ्यांत ही चूक मी सगळ्यात जास्त बघते.

कापण्याच्या आदल्या दिवशी मूळ झाडाला नीट पाणी द्या. कात्री स्पिरिटने पुसा, आणि दुसऱ्या झाडाकडे जाताना परत पुसा. पेराच्या खाली बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोड ठेवून काप घ्या, वरही थोडं ठेवा. एक पेर, एक पान, एक तुकडा. वेलीचं टोक असेल तर दोन-तीन पेरांचं ठेवा, ते लवकर धरतं. पिवळं पडलेलं, डाग असलेलं पान घेऊच नका. "एवढं तर चालतंय की" म्हणून लावलेलं कलम ट्रेमधल्या बाकीच्या दहांना घेऊन कुजतं. आणि मूळ झाडाच्या बुडाशी प्रत्येक वेलीवर दोन-तीन पेरं सोडायची. ते तुमचं भांडवल आहे. मुद्दल खाल्लं तर पुढच्या वेळी व्याज कुठून येणार?

पाण्यात लावू की मातीत? घरासाठी पाण्यात लावा, छान दिसतं. विक्रीसाठी मी पाण्यात लावत नाही. पाण्यात आलेली मुळं पाण्याला सरावलेली असतात. कुंडीत लावल्यावर झाड आठ-दहा दिवस मान टाकून बसतं, काही उठतच नाहीत. शिवाय शंभर बाटल्यांचं पाणी दर तीन-चार दिवसांनी कोण बदलणार? पाण्यातच करायचं असेल तर मुळं दोन-अडीच इंच झाली की लगेच कुंडीत हलवा, पसरायची वाट बघू नका.

ट्रेमध्ये लावायचं तर मिश्रण हलकं हवं. इथे आपल्या मावळाचा एक फायदा आहे जो पुण्यातल्या लोकांना नाही. ते पर्लाइट विकत आणतात. आपल्याकडे इंद्रायणी भाताचा पट्टा आहे, भात गिरणीवर तूस मिळतं. हे तूस पूर्ण राख न करता काळं होईपर्यंत भाजलं की मुळांसाठी उत्तम, हलकं आणि निचरा होणारं. फक्त ताजं भाजलेलं तूस थोडं खारट असतं म्हणून दोनदा पाण्याने धुवून घ्या. (आणि सोसायटीच्या गच्चीवर भाजायला बसू नका. धूर फार होतो.) कोकोपीटही धुवूनच वापरायचं, त्यातही क्षार असतात. कलमं लावायला दोन भाग कोकोपीट, एक भाग काळं तूस, बास. खत नको. मुळं नसलेल्या तुकड्याला जेवण वाढून उपयोग नाही, ओल्या खतात तो कुजतो. गांडूळखत घालायचं ते नंतर, कुंडीत लावताना. तेव्हा दोन भाग कोकोपीट, एक भाग तूस, एक भाग गांडूळखत.

मिश्रण मुठीत दाबलं तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार येऊ नये. पेर मातीखाली, पान वर. ट्रे उजेडात, पण उन्हात नाही. उन्हाची तिरीप आली की पान भाजतं.

आपला पाऊस, आपलं कॅलेंडर

यूट्यूबवरचे बरेचसे व्हिडिओ दुसऱ्या हवामानातले असतात. ते बघून झाकायला प्लॅस्टिक पिशवी, स्प्रे, घरगुती ग्रीनहाऊस असं सगळं लोक आणतात. जून ते सप्टेंबर आपल्याला यातलं काहीही लागत नाही. लोणावळा सहाशे मीटरच्या वर, घाटाच्या तोंडाशी. पावसाळ्यात तिथे पडणारा पाऊस मोजायला लागलात तर आकडा हजारांमध्ये जातो, वर दिवसेंदिवस धुकं. हवेतच एवढं पाणी असताना कलमांना पिशवी घातली तर बुरशीला पाहुणचार केल्यासारखं होतं. मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन ही सगळी अशाच दमट जंगलातली झाडं. मुळं धरायला त्यांना जे लागतं ते आपल्याला चार महिने आभाळातून मिळतं.

पण दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे पाऊस थेट अंगावर नको. ट्रे पडवीत, पत्र्याखाली, वळचणीच्या आत. दुसरी, जी लक्षात येत नाही, ती म्हणजे उजेड. जुलैमध्ये खंडाळा-लोणावळ्यात दुपारी घरात दिवा लावावा लागतो. दमटपणा भरपूर, उजेड कमी, म्हणजे मुळं येतात पण पान पुढे सरकत नाही, आणि देठ लांब, किरकिरे होतात. घाटाजवळ राहत असाल तर रॅकवर साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब लावा, दिवसाला दहा-बारा तास. वडगाव, तळेगावकडे पाऊस त्या मानाने बराच कमी, तिथे सहसा गरज पडत नाही. मावळ एक तालुका असला तरी कामशेतच्या अलीकडे आणि पलीकडे दोन वेगळी हवामानं आहेत, हे धरून चाला.

हिवाळ्यात उलटं. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडतो, आणि ही झाडं पंधरा अंशांच्या खाली नुसती बसून राहतात. पावसाळ्यात जी मुळं तीन आठवड्यांत येतात त्यांना सहा आठवडे लागतात, तोवर निम्मी कुजतात. म्हणून त्या दोन महिन्यांत नवीन कलमं नाहीत. विक्री करा, ट्रे धुवा, हिशोब लिहा.

माझं वेळापत्रक असं: पहिली छाटणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याच्या कुंड्या ऑगस्टअखेर तयार होतात, म्हणजे गणपती-नवरात्राला. दुसरी छाटणी ऑगस्टच्या मध्यात. ती दिवाळीच्या भेटवस्तूंसाठी. तिसरी फेब्रुवारीअखेर, थंडी सरल्यावर. तिला एप्रिल-मे मध्ये कोरड्या हवेचा त्रास होतो, तेव्हा मात्र ट्रेवर दिवसातून एकदा पाणी फवारावं लागतं. तीन छाटण्यांच्या वर जाऊ नका, मूळ झाडं दमतात.

आता हिशोब

इथून पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा, पण पद्धत हीच ठेवा.

समजा शंभर तुकडे लावले. पंधरा गेले, पंच्याऐंशी धरले. हे पहिल्यांदा करणाऱ्याला जमेलच असं नाही, पण धरून चालू. आता सांगा, किती कुंड्या झाल्या? वर्गात विचारलं की सगळे म्हणतात पंच्याऐंशी.

नाही. एका कुंडीत एकच कलम लावलंत तर ती कुंडी टकलावर एकच केस असल्यासारखी दिसते. पाच इंची कुंडी भरगच्च दिसायला पाच कलमं लागतात. म्हणजे पंच्याऐंशी भागिले पाच, सतरा कुंड्या. त्यातल्या दोन काही ना काही कारणाने दाखवण्यासारख्या होत नाहीत. विकायला उरल्या पंधरा. शंभर तुकड्यांच्या पंधरा कुंड्या, हे प्रमाण भिंतीवर लिहून ठेवा.

खर्च: कुंडी १५ रुपये, मिश्रण १२, लेबल आणि कागद ३. एका कुंडीला ३० रुपये. सतरा कुंड्यांचे ५१०. ट्रेमधल्या मिश्रणाचे १५०. एकूण ६६०. एक कुंडी १०० रुपयांना गेली तर पंधरा कुंड्यांचे १,५००. हातात राहिले ८४०.

आता तुमचा वेळ. छाटून लावायला दोन तास. रोज पाणी-देखरेख दहा मिनिटं, पंच्याहत्तर दिवस, म्हणजे साडेबारा तास. कुंड्या भरायला दोन, विकायला-पोचवायला चार. झाले साडेवीस तास. ८४० भागिले साडेवीस म्हणजे तासाला ४१ रुपये. शिवणकामात तुम्ही तासाला यापेक्षा जास्तच कमावत असाल.

तेच पाचशे तुकडे लावले तर? हातात ४,२०० राहतात. पण पाणी घालायचा वेळ पाचपट होत नाही, दहाचे वीस मिनिटं होतात, म्हणजे पंचवीस तास. छाटणी आठ, कुंड्या भरणं आठ, विक्री बारा. सगळे मिळून ५३ तास. तासाला ७९ रुपये. आकार वाढला की वेळेचा खर्च विभागला जातो, बीबीएला याचं मोठं नाव शिकवलं होतं, पण पाण्याच्या झारीने ते लवकर समजतं.

आता आपल्या ताईंचे चाळीस हजार. मूळ झाडं म्हणून बारा चांगल्या टांगत्या कुंड्या, २५० प्रमाणे ३,०००. दोन-तीन कप्प्यांचं लोखंडी रॅक २,५००. कात्री, स्पिरिट, नीम तेल, फवारणी पंप १,०००. हे एकदाच, ६,५००. मग रिकाम्या कुंड्या दोनशे, ३,०००. मिश्रण १,५००. लेबलं-पिशव्या ५००. सगळं मिळून ११,५००. बाकीचे २८,५०० बँकेतच राहू द्या.

शेडनेट का नको? पाचशे तुकड्यांच्या पंच्याऐंशी कुंड्या होतात. एका चौरस फुटात अशा चार कुंड्या आरामात बसतात. म्हणजे जागा लागली साधारण एकवीस चौरस फूट. तीन गुंठे म्हणजे तीन हजार दोनशेच्या वर चौरस फूट. एकवीस फुटांच्या मालासाठी एवढी जाळी कशाला? आणि शेडनेट ऊन अडवतं, पाऊस नाही. पवना खोऱ्यातला जुलैचा पाऊस त्या जाळीतून सरळ खाली येणार आणि तुमचे ट्रे पोहायला लागणार. पाऊस अडवायचा तर पॉलिहाऊस, त्याचा खर्च लाखांत. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमधली गुलाबाची पॉलिहाऊस आपण हायवेवरून बघतो आणि झाडांचा धंदा म्हणजे तेच असं डोक्यात बसतं. तो निर्यातीच्या फुलांचा धंदा आहे, त्याची गणितं वेगळी. आपल्याला घराची पडवी पुरते.

आता कडू गोष्ट. वर्षाला तीन छाटण्या, प्रत्येकीत ४,२००, म्हणजे १२,६००. त्यातून एकदाचा खर्च ६,५०० वजा केला की पहिल्या वर्षी उरले ६,१००. महिन्याला पाचशे रुपये. यात तुमच्या कष्टाचा पगार धरलेलाच नाही.

मग करायचं कशाला?

कारण मघाशी आपण सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात अवघड बाजारात विकली. शंभर रुपयांच्या मनी प्लांटसाठी तुमची स्पर्धा सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या नर्सऱ्यांशी आहे, आणि आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरून येणाऱ्या मालाशी आहे. ते हजारोंनी बनवतात. भावात त्यांच्याशी लढायचं नाही. एकदा उरुळीला जाऊन या, घाऊक भाव विचारा, गाडीखर्च धरा. काही झाडं बनवण्यापेक्षा विकत आणणं परवडतं, आणि ते कळणं हीसुद्धा कमाईच आहे.

मनी प्लांट वर चढायला दिला की पान मोठं होतं, लोंबता ठेवला की छोटं राहतं. हा त्या झाडाचा स्वभाव. म्हणून पाच कलमं लोंबत्या कुंडीत न लावता काथ्याच्या खांबाभोवती लावा. समजा खांब ९०, मोठी कुंडी ४०, मिश्रण ३०, एकूण १६०. सहा महिन्यांनी तीच पाच कलमं ४०० रुपयांची वस्तू होतात. शंभरच्या कुंडीत ७० सुटत होते, इथे २४०. जागा आणि वेळ जास्त लागतो, म्हणून सगळा माल असा करू नका, चौथा हिस्सा करा. खांब ट्रकमध्ये मोडतात, त्यामुळे लांबून येणाऱ्या मालाला इथे तुमच्याशी स्पर्धा अवघड जाते.

आणि खरा पैसा माझ्या मते याच्याही पुढे आहे. लोणावळा, खंडाळा, पवना धरणाच्या कडेला भाड्याने दिले जाणारे बंगले बघा. प्रत्येकाला फोटोत हिरवळ हवी असते. झाडं आणतात, दोन महिन्यांत मारतात. खोल्या बंद, पडदे ओढलेले, पाहुणा शनिवारी येतो आणि कुंडीत सिगारेट विझवतो. मालक मुंबईत, केअरटेकरला झाडातलं कळत नाही. त्यांना झाड नकोय, झाड जिवंत दिसायला हवंय. समजा एका बंगल्यात तुमच्या दहा कुंड्या, महिन्यातून दोन फेऱ्या, मरगळलेली कुंडी उचलायची आणि ताजी ठेवायची, याचे महिना १,०००. असे चार बंगले म्हणजे ४,०००. पेट्रोल आणि बदलीच्या कुंड्यांचे १,२०० काढले तर २,८०० राहतात. नुसत्या कुंड्या विकून महिन्याला पाचशे मिळत होते. या हिशोबात कलमं हा तुमचा कच्चा माल झाला. उचलून आणलेली मरगळलेली कुंडी महिनाभर पडवीत बरी होते आणि परत जाते. फेरी मंगळवारी-बुधवारी ठेवा. शनिवारी पावसाळ्यात लोणावळ्यात शिरलात तर झाडाच्या आधी तुम्हीच सुकाल.

बंगलेवाल्यांशी बोलणं लेखी करा. साधं एक पान पुरे. कुंडी कुणाच्या मालकीची, फुटली तर किती, पैसे कोणत्या तारखेला. पावसाळ्यात जोरात चालणारे बंगले उन्हाळ्यात "नंतर देतो" म्हणतात. आगाऊ महिना घ्या.

बाकीच्या झाडांबद्दल थोडक्यात

सिंगोनियमचं सगळं मनी प्लांटसारखंच, त्याच ट्रेमध्ये लावा. अॅग्लोनिमा हळू आहे, पण भाव चांगला. त्याचं खोड कापण्यापेक्षा बुडातून आलेली पिल्लं मुळांसकट वेगळी करा. मॉन्स्टेराला गुटी कलम करा. हवाई मूळ असलेल्या पेराभोवती ओलं मॉस बांधून, वरून प्लॅस्टिक, आणि मुळं दिसली की कापायचं. झाड मोठं आणि महाग, नुसता तुकडा कापून नशिबावर सोडण्यात अर्थ नाही. झेडझेड प्लांट पानापासून होतो, पण महिने लागतात, विसरून जायची तयारी हवी.

स्नेक प्लांटची एक गोष्ट मात्र नीट वाचा. पिवळ्या काठाची जी जात आहे, तिचं पान कापून लावलंत तर मुळं येतात, पिल्लूही येतं, पण पिवळा काठ जातो. नवीन झाड साधं हिरवं येतं. काठ हवा तर कंद विभागूनच करायचं. एका मुलाने पन्नास पानं लावून पिवळ्या काठाच्या कुंड्यांची ऑर्डर आधीच घेऊन ठेवली होती. आठ महिन्यांनी सगळी हिरवी निघाली, ऑर्डर गेली.

महागड्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या झाडांच्या मागे लागू नका. लॉकडाऊनच्या काळात पांढऱ्या-हिरव्या मॉन्स्टेराच्या एकेका पेराला जगभर वेडे भाव मिळाले. मग टिश्यू कल्चरवाल्या लॅबनी अशी झाडं ढिगाने काढायला सुरुवात केली आणि भाव खाली आले. छंद म्हणून घ्या, माल म्हणून साठवू नका. हां, आपल्याच ट्रेमध्ये वेगळं पान आलं तर मात्र ती फांदी जपा. 'एन-जॉय' नावाचा पांढऱ्या-हिरव्या छोट्या पानांचा मनी प्लांट आज परदेशात सगळीकडे विकला जातो, तो मुंबईतल्या एका रोपवाटिकाकाराच्या नजरेला पडलेला बदल होता. त्याचं अमेरिकेत पेटंट झालं.

विकताना हे सांगायचंच

मनी प्लांट, सिंगोनियम, अॅग्लोनिमा, मॉन्स्टेरा, सगळ्यांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. लहान मुलाने किंवा कुत्र्या-मांजराने पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. लेबलवर मराठीत लिहा: "चावू नये, मुलं व पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवावे." विक्री कमी होईल अशी भीती वाटते. माझ्या दुकानात उलट झालं, लोक उंच टांगायची कुंडी मागायला लागले. छाटणी करताना तुमच्याही हाताला खाज येऊ शकते, हातमोजे घाला.

कापलेला कचरा ओढ्यात, जंगलाच्या कडेला टाकू नका. पेर असलेला प्रत्येक तुकडा जगतो, हेच तर आपण इतका वेळ शिकलो. श्रीलंका, हवाईसारख्या दमट ठिकाणी हीच वेल रानात पसरून डोकेदुखी झाली आहे, आणि आपला घाट तसाच दमट आहे. कचरा उन्हात पूर्ण वाळवा, मगच कंपोस्टमध्ये.

विकत आणलेलं नवीन झाड दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा. पानाच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, मग नीम तेल. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा, एका रात्रीत ट्रे साफ करतात. कोकोपीटवर बारीक काळी चिलटं उडायला लागली म्हणजे पाणी जास्त होतंय.

कागदपत्रांचं: जिवंत झाडांवर जीएसटी शून्य आहे, पण कुंडी, खांब, खत यांचं तसं नाही. एकत्र विकणार असाल तर बिल कसं करायचं ते एकदा सीएला विचारून घ्या. आंबा-पेरूची कलमं विकायला जाऊ नका, फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा वेगळा कायदा आणि परवाना आहे. शिकायचं असेल तर लांब जायची गरज नाही, तळेगाव दाभाड्यालाच राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेचं हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटर आहे. आणि जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघाच. फुलांपेक्षा लोक कोणत्या कुंडीपाशी थांबून भाव विचारतात ते बघा.

कर्जाबद्दल विचारणाऱ्यांना: दोन छाटण्या स्वतःच्या पैशाने पूर्ण होईपर्यंत बँकेत जाऊ नका. तोवर वहीत प्रत्येक ट्रेला सहा रकाने ठेवा. लावल्याची तारीख, किती तुकडे, किती धरले, किती कुंड्या, किती विकल्या, कितीला. दुसऱ्या छाटणीनंतर शंभर तुकड्यांमागे पंधराच्या खाली कुंड्या येत असतील तर मिश्रण आणि पाणी तपासा. वीसच्या आसपास येत असतील तर कुंडीत पाचऐवजी चार कलमं पडतायत का ते आधी बघा.

पुढच्या व्हिडिओत काथ्याचा खांब घरी कसा बांधायचा ते दाखवते. सुतळी, पीव्हीसी पाइपचा तीन फुटी तुकडा आणि काथ्या तयार ठेवा.